इच्छामरणाचा कायदा आलाच तर अटी कोणत्या हव्यात?

रंकाळवेस | १३ डिसेंबर २०२५, सकाळी ९.१०

मंडळी, ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये (वरिष्ठ सभागृहात) सध्या खासदार किम लेडबीटर यांच्या विधेयकावर शुक्रवारी काथ्याकूट चाललाय. असाध्य आजार झालेल्या माणसाला मरणासाठी डॉक्टरी मदत मागता यावी, असं हे विधेयक. हजाराच्या वर दुरुस्त्या आल्यात. कॉमन्समध्ये, म्हणजे कनिष्ठ सभागृहात, २९ नोव्हेंबर २०२४ ला ते ३३० विरुद्ध २७५ मतांनी पुढे सरकलं आणि २० जून २०२५ ला ३१४ विरुद्ध २९१ ने मंजूर झालं. म्हणजे ५५ चं मताधिक्य २३ वर आलं. कुठल्याच पक्षाने व्हिप काढला नव्हता, त्यामुळे ही घट मनातून झालेली आहे.

मधल्या काळात झालेला सगळ्यात मोठा बदल असा: आधी दोन डॉक्टरांनंतर उच्च न्यायालयाचा न्यायाधीश शिक्कामोर्तब करणार होता. त्याला काढून तिघांचं पॅनल आणलं. एक ज्येष्ठ कायदेतज्ज्ञ, एक मानसोपचारतज्ज्ञ, एक सोशल वर्कर. समर्थक म्हणतात संरक्षण वाढलं, विरोधक म्हणतात विधेयक ज्या भरवशावर विकलं तोच काढून घेतला.

माझे प्रश्न दोन. न्यायाधीश जाऊन पॅनल आलं, हे बरं की वाईट? आणि आपल्याकडे असं काही आलंच, तर कोणत्या अटींवर तुम्ही अडून बसाल? पाप-पुण्य कृपया दुसऱ्या धाग्यावर.

बिंदूचौक | ९.२२

शनिवारी सकाळी मिसळीच्या वेळेला हा विषय? पहिला कट तरी घशाखाली उतरू द्या की राव.

दोन_मँचेस्टर | ९.५८

(नाव विचारणाऱ्यांसाठी: इचलकरंजीचा, सध्या दुसऱ्या मँचेस्टरात.)

रंकाळवेस, आधी पायऱ्या समजून घ्या, नाहीतर सगळे हवेत बोलतील. वय १८ च्या वर, इंग्लंड-वेल्समध्ये किमान १२ महिने वास्तव्य, जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) नोंद, आणि सहा महिन्यांत मृत्यू अपेक्षित. माणसाने पहिलं घोषणापत्र सही करायचं. समन्वयक डॉक्टर तपासणार. त्यानंतर किमान ७ दिवस थांबून दुसरा स्वतंत्र डॉक्टर तपासणार. मग पॅनल. पॅनलने होकार दिला की पुन्हा १४ दिवस थांबायचं. महिन्याच्या आत मृत्यू येईल अशी स्थिती असेल तर ४८ तास. मग दुसरं घोषणापत्र. शेवटची कृती माणसाने स्वतःच करायची, डॉक्टरने केली तर कायद्याचं संरक्षण नाही. कुणी दबाव आणून किंवा फसवून घोषणापत्र करून घेतलं तर १४ वर्षांपर्यंत कैद.

आता न्यायाधीशाचं. मूळ मसुद्यात न्यायाधीशाने एका डॉक्टरचं म्हणणं ऐकणं सक्तीचं होतं, पण ज्याचं मरण त्याला ऐकणं ऐच्छिक होतं! कागद बघून निकाल देता आला असता. पॅनलला त्या माणसाला ऐकावंच लागतं, अगदीच अपवादात्मक परिस्थिती सोडून. आणि तिघांपैकी एकानेही विरोधात मत दिलं की नकार. त्यामुळे ‘संरक्षण घटलं’ हे मला पटत नाही.

ॲड_नागाळा | १०.३१

मामा, पायऱ्या बरोबर सांगितल्यात, पण निष्कर्षाला माझी हरकत आहे. कोर्ट म्हणजे नुसता न्यायाधीश नव्हे. समन्स काढायचा अधिकार, शपथेवर साक्ष, खोटं बोलल्यास शिक्षा, हे सगळं त्याच्याबरोबर येतं. पॅनलला साक्षीदाराला हजर राहायला भाग पाडता येत नाही. समजा मुलीला शंका आहे की भाऊ वडिलांवर दबाव टाकतोय. तिला पॅनलपुढे हक्काने उभं राहता येत नाही आणि होकाराविरुद्ध तिला अपीलही नाही. नकार मिळाला तर अर्जदाराला फेरविचार मागता येतो. म्हणजे एका बाजूची वाट उघडी, दुसऱ्या बाजूची बंद. ‘नाही’ म्हणणारा पक्षच नसलेल्या सुनावणीत तीन काय, तेरा तज्ज्ञ बसवले तरी फरक पडत नाही.

मानसोपचारतज्ज्ञ पॅनलवर असणार म्हणता, तर तिथल्या रॉयल कॉलेज ऑफ सायकिॲट्रिस्ट्सनेच मे २०२५ मध्ये सांगितलं की आहे त्या स्वरूपात आम्हाला विधेयकाला पाठिंबा देता येत नाही. माणसं पुरेशी नाहीत, ही त्यांची एक तक्रार होती.

दोन_मँचेस्टर | १०.४४

वकीलबाई, न्यायाधीश तरी कुठे पुरेसे होते? हायकोर्टाच्या फॅमिली डिव्हिजनला हे तास झेपणार नाहीत, हाच तर आक्षेप होता. सहा महिन्यांच्या आयुष्यातले दोन महिने तारखेची वाट बघण्यात गेले तर ते संरक्षण कुणाचं?

पांढरा_रस्सा | १०.४६

तारीख पे तारीख तिकडं पण आहे म्हणा की. उगंच आपल्यालाच नावं ठेवत होतो.

आयसीयू_रात्रपाळी | ११.१५

इंग्लंडला जायच्या आधी आपल्या घरचं बघूया. अटी जास्त झाल्या की काय होतं, याचा प्रयोग भारताने करून झालाय.

९ मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने ‘कॉमन कॉज’ निकालात लिव्हिंग विल मान्य केलं. म्हणजे बरा होण्याची आशा नसेल तर मला व्हेंटिलेटर, डायलिसिस नको, हे आधीच लिहून ठेवण्याचा हक्क. पण अटी बघा. कागदावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी. रुग्णालयाचं एक मंडळ, त्यात विभागप्रमुख आणि वीस-वीस वर्षं अनुभवाचे किमान तीन तज्ज्ञ. नंतर जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेलं दुसरं मंडळ, त्यातही तसेच. आणि शेवटी न्यायदंडाधिकाऱ्यांनी प्रत्यक्ष येऊन रुग्ण बघायचा. एका खाटेसाठी आठ डॉक्टर, एक कलेक्टर, एक मॅजिस्ट्रेट! तालुक्याचं गाव सोडा, जिल्ह्याच्या ठिकाणीसुद्धा वीस वर्षं मुरलेले तीन-तीन तज्ज्ञ दोनदा कुठून आणणार?

परिणाम काय? कायद्याचा दरवाजा अरुंद झाल्यावर सगळे मागच्या दाराने गेले. त्या मागच्या दाराचं नाव ‘डामा’. डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज. नातेवाइकांची सही, रुग्णवाहिका, हाताने दाबायची अंबू बॅग, घरच्या सोप्यात नळी काढली की संपलं. मॉर्फिन नाही, श्वास लागला तर धाप कमी करायला काही नाही, घसा साफ करायला सक्शन नाही. दोन मंडळं नाहीत, साक्षीदार नाही, रुग्णाची इच्छा काय होती हे विचारणारं कुणी नाही. फॉर्मवर एकच ओळ छापलेली असते, ‘मला सर्व माहिती माझ्या भाषेत समजावून सांगितली आहे’, आणि खाली मुलाची सही. बऱ्याचदा वरचा सगळा मजकूर इंग्रजीत.

तेच रुग्णालयात रीतसर केलं तर क्रम वेगळा असतो. स्नायू शिथिल करणारी औषधं आधी बंद, नाहीतर माणूस गुदमरतोय की नाही हे दिसतच नाही. धाप आणि अस्वस्थतेची औषधं आधी सुरू, घशातला स्राव काढलेला, मॉनिटरचे भोंगे बंद, मग ऑक्सिजन आणि प्रेशर हळूहळू खाली. घरचे शेजारी बसलेले. हा फरक आहे.

म्हणून ब्रिटनमध्ये ‘आणखी एक अट घाला’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला विचारा, तुमच्या अटीत न बसणारा माणूस नंतर कुठे जाणार आहे?

ॲड_नागाळा | ११.३२

हे मान्य. म्हणूनच २४ जानेवारी २०२३ ला न्यायालयाने स्वतःचीच प्रक्रिया सैल केली. आता मॅजिस्ट्रेटऐवजी नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालतो. पहिल्या मंडळात उपचार करणारा डॉक्टर आणि पाच वर्षं अनुभवाचे किमान दोन तज्ज्ञ. दुसऱ्या मंडळात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने सुचवलेला एक डॉक्टर आणि तसेच दोघे. पहिल्या मंडळातला कुणी दुसऱ्यात नको. शक्यतो ४८ तासांत मत. अंमल करण्याआधी रुग्णालयाने मॅजिस्ट्रेटना कळवायचं, परवानगी नव्हे. मंडळाने नकार दिला तर राज्यघटनेच्या कलम २२६ खाली हायकोर्ट.

आणि कोल्हापूरकरांसाठी गंमत म्हणजे ते हायकोर्ट आता दारात आहे. १८ ऑगस्टपासून सर्किट बेंच सुरू झालं, सीपीआर सरकारी रुग्णालयाच्या समोर. आयसीयूतून बाहेर पडून रस्ता ओलांडला की याचिका. सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गालाही हेच. आधी रात्रीची गाडी धरून मुंबई गाठावी लागायची, तोवर रुग्ण थांबतोय होय?

बिंदूचौक | ११.४०

चाळीस-पन्नास वर्षं बेंचसाठी आंदोलनं केली ती ह्यासाठी व्हय? 😄

जयसिंगपूरकर | दुपारी १२.२०

कुणीतरी जैनांच्या संथाऱ्याचं, म्हणजे सल्लेखनेचं, अन्नपाणी सोडून देह ठेवण्याच्या व्रताचं नाव काढेल म्हणून थांबलो होतो. शिरोळ-हातकणंगले पट्ट्यात सल्लेखना म्हणजे वर्तमानपत्रातली बातमी नव्हे, गावात घडणारी गोष्ट आहे. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ मध्ये कुंथलगिरीवर सल्लेखना घेतली, ते मूळचे भोजजवळचे, म्हणजे इथलेच. १० ऑगस्ट २०१५ ला राजस्थान हायकोर्टाने संथारा म्हणजे आत्महत्या ठरवली आणि त्याच महिन्याच्या ३१ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. देशभर मूक मोर्चे निघाले होते.

मुद्दा असा की या प्रथेत स्वतःच्या अटी आहेत. गुरूंची अनुमती लागते. एकदम अन्न सोडत नाहीत. आधी जड अन्न, मग दूध-ताक, मग पाणी, असं टप्प्याने. मध्येच मन बदललं तर परत फिरता येतं. सगळं चारचौघांत, उघड्यावर. बंद खोलीत काही नाही.

चाकाची_खुर्ची | १२.४१

चारचौघांत, हीच तर अडचण. शंभर माणसं दर्शनाला येऊन गेल्यावर ‘मला आता जेवायचंय’ म्हणायला किती धैर्य लागेल याचा विचार केलाय का? प्रथेवर टीका करत नाही. पण ‘परत फिरता येतं’ हे नियमात लिहिलेलं असणं वेगळं आणि परत फिरणाऱ्याचं तोंड बघून कुणी हिरमुसलं नाही, हे वेगळं.

गुरुजी_कळंबा | १२.५८

आदरणीय सदस्यहो, विनोबाजींनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला अन्न-औषध नाकारून देह ठेवला. स्वा. सावरकरांनी फेब्रुवारी १९६६ मध्ये प्रायोपवेशन केले. दोघांवर आत्महत्येच्या प्रयत्नाचा, म्हणजे त्या काळच्या कलम ३०९ चा गुन्हा नोंदविण्याचे कोणाच्या स्वप्नातही आले नाही. महाराष्ट्राला हा विषय परका नाही, एवढेच नमूद करतो.

ॲड_नागाळा | दुपारी १.१५

गुरुजी, नमस्कार. मात्र त्या दोघांना दुसऱ्या कुणी मदत केली नव्हती, हा फरक कायद्याच्या दृष्टीने मोठा आहे. न्याय संहितेत कलम ३०९ आता उरलं नाही, पण प्रवृत्त करणारा किंवा मदत करणारा कलम १०८ मध्ये आजही सापडतो, दहा वर्षांपर्यंत शिक्षा. ज्ञान कौर निकाल १९९६ चा. जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही, हे तिथे ठरलं. २०११ चा अरुणा शानबाग निकाल आणि २०१८ चा निकाल, दोन्ही उपचार थांबवण्यापुरते. सक्रिय मदतीसाठी संसदेलाच कायदा करावा लागेल, आणि ती करेल असं मला दिसत नाही.

व्यवस्थापक | १.२०

हा धागा कायदा आणि धोरणावर आहे. वाचताना कुणाला स्वतःबद्दल जड वाटत असेल तर टेलिमानस १४४१६ वर फोन करा. मोफत आहे, मराठीत बोलतात, रात्रीही चालतो. चर्चा चालू द्या.

चाकाची_खुर्ची | दुपारी २.०५

रंकाळवेस यांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. अपंगांच्या बाजूने बघायचं तर कॅनडा वाचा. २०१५ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा कार्टर निकाल, जून २०१६ ला कायदा. तेव्हा अट होती, नैसर्गिक मृत्यू नजीकच्या काळात अपेक्षित असावा. २०१९ ला क्वेबेकच्या कोर्टाने ती अट घटनाबाह्य ठरवली. मार्च २०२१ ला कायदा बदलला आणि दुसरा मार्ग उघडला: मृत्यू जवळ नसला तरी असाध्य आजार वा अपंगत्व आणि असह्य त्रास असेल तर अर्ज करता येतो. त्यावर संरक्षण काय? तपासणीला किमान ९० दिवस, त्या आजारातल्या जाणकाराचं मत, आणि समुपदेशन, अपंग सहाय्य, वेदनाशमन या सेवांची ‘माहिती’ द्यायची.

माहिती द्यायची. सेवा मिळालीच पाहिजे असं नाही. घरी मदतनीस हवा असेल तर प्रतीक्षायादी, मरण हवं असेल तर ९० दिवस. ही अट कागदावर भक्कम दिसते, पण चुकीच्या जागी बसवलेली आहे. केवळ मानसिक आजार असणाऱ्यांना परवानगी द्यायचं तर त्यांनी पुढे ढकलत ढकलत मार्च २०२७ पर्यंत नेलंय, कारण यंत्रणा तयार नाही हे त्यांनाच कळतंय.

माझी पहिली अट म्हणून हीच: सेवा दिल्याची नोंद असल्याशिवाय अर्ज पुढे सरकता कामा नये. पत्रक हातात दिल्याची नोंद नव्हे.

दोन_मँचेस्टर | २.३०

कॅनडाचं उदाहरण ब्रिटनच्या विरोधकांनी फार वापरलं, पण मूळ रचनाच वेगळी आहे. ब्रिटनचा साचा अमेरिकेतल्या ओरेगन राज्याचा. तिथे कायदा १९९७ पासून चालू आहे, सहा महिन्यांची अट अजून तशीच आहे, अपंगत्वाकडे सरकलेली नाही. औषध लिहून घेतलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश ते घेतच नाहीत. कारणं विचारली तर वेदना वरच्या क्रमांकावर नसते. स्वातंत्र्य जातंय, आवडीच्या गोष्टी करता येत नाहीत, ही वर असतात. बहुतेक सगळे हॉस्पिस सेवेत, म्हणजे अखेरच्या दिवसांतल्या शुश्रूषेत असतात.

आयसीयू_रात्रपाळी | २.४७

मामा, ‘वेदना वर नाही’ हे तुम्ही समर्थनात सांगताय, पण विरोधक नेमकं तेच वापरतात. कुटुंबावर ओझं होतोय, हे कारणही त्या अहवालांत दरवर्षी येतंच. शिवाय सहा महिने हा आकडा कॅन्सरमध्ये थोडाफार जमतो. सीओपीडी (फुप्फुसाचा जुनाट आजार), हृदय निकामी होणं, यकृत, यांत नाही जमत. हे रुग्ण दर दोन महिन्यांनी दाराशी जाऊन परत येतात. ओरेगनमध्येसुद्धा औषध लिहून घेतल्यावर सहा महिन्यांहून जास्त जगलेले लोक आहेत. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने म्हणूनच मेंदू-मज्जारज्जूच्या आजारांना १२ महिने ठेवले होते.

रंकाळवेस | दुपारी ३.०२

व्हिक्टोरियाचं सविस्तर कुणी सांगेल का? ‘जगातला सर्वांत सुरक्षित कायदा’ म्हणून गाजवला होता ना?

ॲड_नागाळा | ३.२६

२०१७ चा कायदा, १९ जून २०१९ पासून अंमल. सरकार अभिमानाने सांगायचं की यात ६८ संरक्षणं आहेत. तरी दोन अडचणी बघा.

एक, डॉक्टरने स्वतःहून हा विषय काढायचाच नाही. रुग्णाने आधी विचारलं पाहिजे. हेतू चांगला, डॉक्टरच्या शब्दाचं वजन रुग्णावर पडू नये. पण ज्याला कायदा माहीत आहे, इंग्रजी नीट येतं, तोच विचारणार. बाकीच्यांना असा पर्याय आहे हेच कळत नाही. न्यूझीलंडनेही हेच केलं. ब्रिटनच्या विधेयकात डॉक्टरवर विषय काढायची सक्ती नाही, बंदीही नाही. फक्त १८ च्या खालच्यांशी काढायचा नाही.

दोन, हे तर कुणी ठरवून केलंच नव्हतं. ऑस्ट्रेलियाच्या केंद्रीय फौजदारी कायद्यात फोन-इंटरनेटवरून आत्महत्येला मदत करण्यास बंदी आहे. २०२३ ला फेडरल कोर्टाने सांगितलं की राज्याच्या कायद्याखालचं मरणही त्या बंदीपुरतं आत्महत्याच. म्हणजे व्हिडिओ कॉलवर सल्ला बंद. अंग लुळं पडलेल्या माणसाने शेकडो किलोमीटर प्रवास करून शहरातल्या डॉक्टरपुढे जायचं. अडुसष्ट कुलपं लावली, पण किल्ल्या सगळ्या मेलबर्नमध्ये.

आपल्याकडे कायदा आला आणि तो केंद्राचा की राज्याचा हे नीट ठरलं नाही, तर हाच गोंधळ. आरोग्य राज्याच्या यादीत, फौजदारी कायदा समवर्ती यादीत.

पांढरा_रस्सा | ३.३१

गगनबावड्याहून रुग्ण आणायचा म्हणजे हाडं खिळखिळी होऊनच पोचणार. अर्ज करायची गरजच उरणार न्हाय.

जयसिंगपूरकर | ३.५०

नेदरलँड्सचं कुणी बोललं नाही. तिथे एप्रिल २००२ पासून आहे आणि तपासणी नंतर होते. डॉक्टरने एका स्वतंत्र डॉक्टरचं मत घ्यायचं, कृती करायची, मग नगरपालिकेच्या शववैद्यकाला कळवायचं. प्रादेशिक समिती कागद तपासते, त्यात कायदेतज्ज्ञ, डॉक्टर आणि नीतिशास्त्राचा अभ्यासक. नियम पाळले नसतील तर सरकारी वकिलांकडे. आपल्याकडे ‘नंतर तपासू’ म्हणजे फाइल गेली बासनात.

ॲड_नागाळा | ४.१०

अगदी. आणि म्हणूनच माझी अट मालमत्तेची. इथे दबाव कुठून येतो हे प्रांत कार्यालयात बसलं की दिसतं. बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र, वटमुखत्यार, कारखान्याचे शेअर्स, सातबाऱ्यावरचं नाव. ज्येष्ठ नागरिक कायदा २००७ च्या कलम २३ खाली, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता न सांभाळल्यास हस्तांतर रद्द करता येतं, आणि ते अर्ज प्रांताधिकाऱ्यांपुढेच चालतात. मग इच्छामरणाच्या अर्जाबरोबर मागच्या दोन-तीन वर्षांतल्या नोंदणीकृत दस्तांची यादी का मागू नये? दुय्यम निबंधकाकडे सगळं संगणकावर आहे. अर्जाच्या दोन महिने आधी बक्षीसपत्र झालं असेल तर अर्ज आपोआप फेटाळू नका, पण माणसाला एकटं बसवून त्याबद्दल विचारा.

साक्षीदारांचं पण बघा. ओरेगनमध्ये दोनपैकी एक तरी साक्षीदार नातेवाईक नको, वारस नको, त्या रुग्णालयाचा नोकर नको. आपल्या लिव्हिंग विलमध्ये साक्षीदार ‘शक्यतो’ स्वतंत्र असावेत एवढंच आहे. शक्यतो! म्हणजे सगळा सातबारा ज्याच्या नावावर होणार आहे, तो मुलगाही साक्षीदार चालतो.

चाकाची_खुर्ची | ४.१८

‘एकटं बसवून’ हे लिहिणं सोपं आहे. ‘तुम्ही जरा बाहेर थांबा’ म्हटल्यावर आपल्याकडे मुलगा बाहेर जातो, सून दारात उभी राहते आणि मेहुणा पुन्हा पाणी द्यायला आत येतो.

आयसीयू_रात्रपाळी | ४.२५

मेहुण्याचं अगदी खरं. म्हणून एका भेटीवर भागवू नये. दोन वेगळ्या दिवशी, वेगळ्या माणसाने, एकदा तरी रुग्णालयाच्या बाहेर. आणि विचारणाऱ्याने हो-नाहीचे प्रश्न विचारू नयेत. ‘तुम्ही अर्ज केलाय ना?’ याला कुणीही मान हलवतो. ‘पुढच्या महिन्यात काय होणार आहे, तुमच्या शब्दांत सांगा’ याला मान हलवून चालत नाही. क्षमता तपासायची ती अशी: माहिती कळली का, लक्षात राहिली का, तोलून बघता येतेय का, निर्णय कळवता येतोय का. नैराश्य आणि भ्रम, म्हणजे डिलिरियम, दोन्ही वेगळं तपासायचं. डिलिरियममधला माणूस सकाळी शहाणा आणि रात्री भलतंच बोलणारा असू शकतो.

माझी एकच अट, आणि ती पहिली: अर्ज घेण्याआधी मॉर्फिन उपलब्ध असल्याचा पुरावा. २०१४ ला अमली पदार्थ कायदा बदलून परवाने सोपे केले, चार-पाचऐवजी एकाच यंत्रणेची मान्यता. तरी बहुतेक जिल्ह्यांत तोंडाने घ्यायची मॉर्फिनची गोळी मिळवायला वणवण. गोळी स्वस्त, नफा नाही, रजिस्टर ठेवायचा ताप, त्यामुळे कुणी ठेवत नाही. केरळने २००८ ला उपशामक सेवेचं धोरण करून गावपातळीवर माणसं उभी केली. ज्या जिल्ह्यात वेदना थांबवायची सोय नाही, तिथे मरणाची सोय आधी करणं मला पटत नाही.

दोन_मँचेस्टर | संध्याकाळी ५.०२

पटलं, पण सावध राहा. ब्रिटनमध्येही हॉस्पिस सेवांचा साधारण एक तृतीयांश खर्चच सरकार देतं, बाकी देणग्या. ‘आधी हॉस्पिस सुधारा, मग कायदा’ असं वर्षानुवर्षं म्हणतात आणि दोन्ही होत नाही. तुमची अट घातली तर कायदा कधीच येणार नाही.

आयसीयू_रात्रपाळी | ५.०६

न येऊ दे. मॉर्फिन आलं तरी निम्मं काम झालं.

गुरुजी_कळंबा | ५.४०

ताई, आज उपलब्ध आहे त्याबद्दल विचारतो. लिव्हिंग विल करावयाचे असल्यास कोल्हापुरात नेमके काय करावे? स्टॅम्प पेपर किती रुपयांचा?

ॲड_नागाळा | ६.१५

गुरुजी, निकालात स्टॅम्प पेपरची अट नाही. साध्या कागदावर चालतं.

मजकूर मोघम नको. ‘मला त्रास नको, शांत मरण यावं’ एवढ्यावर कुठलंही मंडळ निर्णय घेऊ शकत नाही. व्हेंटिलेटर, डायलिसिस, हृदय बंद पडल्यास छाती दाबणं, नाकातून नळीने अन्न, यातलं काय नको आणि कोणत्या स्थितीत नको, हे वेगवेगळं लिहा. वेदनाशमन आणि शुश्रूषा चालू ठेवावी, हेही लिहा. निर्णय सांगणारी माणसं दोन तरी नेमा. एकच मुलगा नेमला आणि तो कॅलिफोर्नियात झोपलेला असला की सगळं अडतं. दोन साक्षीदार शेजारचे किंवा मित्र घ्या, वारस नको. त्यांच्यासमोर सही, मग नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. नोटरीने नुसता शिक्का मारू नये. सही स्वखुशीने, समजून केली याची खात्री झाल्याचं त्याने लिहायचं असतं, ते लिहून घ्या.

प्रती: नेमलेल्या दोघांना, घरच्या डॉक्टरांना, आणि स्थानिक स्वराज्य संस्थेच्या कस्टोडियनकडे (विल जपून ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडे). डॉ. निखिल दातार यांच्या जनहित याचिकेनंतर महाराष्ट्रात हे कस्टोडियन नेमले गेले. शहरात महापालिका, इचलकरंजीला त्यांची महापालिका, गावात पंचायत. मत बदललं तर लेखी रद्द करा. दोन विल निघाली तर नंतरच्या तारखेचं खरं. आणि तुम्ही शुद्धीत असेपर्यंत हे लागू होत नाही, तोवर तुमचं तोंडी ‘नको’ पुरेसं.

एक गोष्ट रुग्णालयांसाठी. निकालातला ‘जिल्ह्याचा मुख्य वैद्यकीय अधिकारी’ म्हणजे आपल्याकडे जिल्हा शल्यचिकित्सक धरायचे की जिल्हा परिषदेचे आरोग्य अधिकारी, हे आधी लेखी विचारून फाइलला लावा. रुग्ण व्हेंटिलेटरवर असताना ही चर्चा सुरू झाली की ४८ तास त्यातच जातात. कर्नाटकच्या आरोग्य खात्याने ३० जानेवारी २०२५ ला परिपत्रक काढलं, त्यामुळे निपाणीपलीकडे निदान दाखवायला कागद तरी आहे.

बिंदूचौक | ६.२२

महापालिकेत पाच वर्षं नगरसेवकच न्हाईत, प्रशासकावर गाडा. कस्टोडियनचं टेबल कुठल्या मजल्यावर हे तरी सांगा कुणी.

रंकाळवेस | ७.१०

मूळ प्रश्नावर माझ्यापुरतं सांगतो. न्यायाधीश की पॅनल, यात वकीलबाईंचं बरंचसं पटलं: समन्सचा अधिकार आणि हरकत घेणाऱ्याला ऐकणं, हे पॅनलला द्या, मग न्यायाधीश नसला तरी चालेल. दस्तांची यादी हवीच. मॉर्फिनच्या अटीवर मी दोन_मँचेस्टर यांच्या बाजूने आहे, ती अट कायद्यात घातली तर कायदा गोठेल.

चाकाची_खुर्ची | ७.१८

गोठू दे. मी माझ्या अटीवरून हलत नाही.

ॲड_नागाळा | ७.२५

रंकाळवेस, समन्सचा अधिकार दिला की पॅनलला कार्यपद्धती लागेल, नोटिसा लागतील, तारखा लागतील. पुन्हा मामांचे दोन महिने आलेच. मग मुदत घाला: हरकत ७ दिवसांत, निर्णय १४ दिवसांत. मुदतीत निर्णय झाला नाही तर काय, हे मात्र लिहून ठेवावं लागेल, आणि तिथे ‘परवानगी दिली असे समजण्यात येईल’ कुणीच लिहू धजणार नाही.

गुरुजी_कळंबा | ७.३१

ताई, मार्गदर्शनाबद्दल आभारी आहे. सोमवारीच महापालिकेत जाऊन प्रत देतो.

ॲड_नागाळा | ७.३४

गुरुजी, दोन प्रती न्या. एकीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का मारून घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

बिंदूचौक | ७.३६

आणि जेवणाच्या सुट्टीच्या आत पोचा गुरुजी.